कासरा कधी सोडायचा: जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन व्यवहारातील फसवणूक आणि ती टाळण्याची रीत

कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घ्यायला गेलेला माणूस आधी तिचे दात पाहतो, मग कास पाहतो, सडांवरून हात फिरवतो, दुभती असेल तर धार काढून पाहतो आणि चार पावले चालवूनही पाहतो. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याच्या जुन्या पद्धतीत आजूबाजूच्यांना आकडा कळत नसे, पण घेणारा आणि विकणारा मात्र एकमेकांसमोर उभे असत. इसार दिला जातो तो जनावर पाहिल्यावर, आणि कासरा दुसऱ्याच्या हातात जातो तो पैसे मोजून झाल्यावर. या साऱ्या रीतीत वस्तू, पैसा आणि माणूस या तीन गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी हजर असतात, आणि म्हणूनच शाळेचे तोंड न पाहिलेला शेतकरीही तिथे सहसा पुरता बुडत नाही.

मोबाइलवर जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री होऊ लागली तेव्हा ही गाठ सुटली. वस्तूचा फक्त फोटो दिसतो, माणसाचा फक्त आवाज ऐकू येतो, आणि पैसा मात्र क्षणात शेकडो मैल दूर जातो. ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस किंवा गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर होणारी फसवणूक वरवर पाहता फार वेगवेगळी वाटते, पण प्रत्येक प्रकारात भामट्याचा डाव एकच असतो: या तिघांपैकी एकाला बाकीच्या दोघांपासून तोडायचे. काय तोडले जात आहे हे वेळीच लक्षात आले, तर आजवर कधी न ऐकलेला प्रकारही ओळखता येतो. म्हणून पुढे प्रत्येक ठिकाणी ही गाठ नेमकी कुठे सुटते, ते पाहू.

त्याआधी कायद्याची एक बाजू समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. दुकानातून किंवा मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याकडून नवी वस्तू घेतली, तर ग्राहक संरक्षण कायदा पाठीशी असतो. परंतु २०२० साली आलेल्या ई-कॉमर्स नियमांमध्येच स्पष्ट म्हटले आहे की, जो माणूस व्यवसाय म्हणून नव्हे तर खासगी नात्याने एखादी वस्तू विकतो, त्याला हे नियम लागू होत नाहीत. राजारामपुरीतील एखाद्या गृहस्थाने आपला जुना फ्रीज जाहिरात देऊन विकला, तर तो व्यवहार दोन व्यक्तींमधला असतो. केवळ जाहिरात छापणारी साइट ही वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींच्या पानासारखी असते. तिथे दिसणाऱ्या माणसाची आणि मालाची हमी ती देत नाही. ‘एवढी मोठी कंपनी आहे, काही झाले तर बघून घेईल’ या भरवशावर पैसे पाठवण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

पिन म्हणजे सही

माझ्या आत्याने मंगळवार पेठेतील घर आवरताना पायाची शिलाई मशीन विकायला काढली. भाच्याने जाहिरात टाकून दिली, किंमत ४,५०० रुपये. दहा मिनिटांच्या आत फोन आला. समोरचा माणूस हिंदीत बोलत होता. मशीन कोणत्या बनावटीची, किती वर्षांची, पट्टा बदलला आहे का, यातले काहीही त्याने विचारले नाही आणि घासाघीसही केली नाही. ‘उद्या माझा माणूस टेम्पो घेऊन येईल, पैसे मात्र आत्ताच पाठवतो, म्हणजे तुम्ही दुसऱ्याला देणार नाही,’ असे तो म्हणाला. आत्याला हे सौजन्य वाटले. त्याने व्हॉट्सॲपवर एक क्यूआर कोड पाठवला आणि आधी दहा रुपयांचा ‘ट्रायल’ करायला सांगितले. तिचे दहा रुपये गेले आणि लगेच वीस रुपये जमा झाले. मग ४,५०० चा कोड आला. पडद्यावर आकडा दिसत होता, खाली पिन विचारला जात होता, आणि कानाशी तो माणूस ‘आंटीजी, पिन डालते ही पैसा आ जाएगा’ असे सारखे म्हणत होता. पैसे गेले. ‘सर्व्हरची चूक झाली, दोन्ही रकमा एकदम परत करतो’ असे सांगून त्याने दुसरा कोड पाठवला आणि तेवढीच रक्कम पुन्हा गेली. नऊ हजार रुपये जाईपर्यंत मशीन माजघरात जागच्या जागी होती.

आत्या शिकलेली आहे, बँकेत जाऊन स्वतःचे व्यवहार स्वतः करते. तिला जे कोणी कधी सांगितले नव्हते ते एवढेच होते: यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. बँकेतून पैसे काढायचे असतील तर आपल्याला स्लिपवर सही करावी लागते. आपल्या खात्यात दुसऱ्या कोणी पैसे भरायचे असतील तर आपल्या सहीची गरजच नसते, आपण तिथे हजर नसलो तरी चालते. पिन म्हणजे ती पैसे काढण्याच्या स्लिपवरची सही आहे. शिल्लक पाहण्यासाठी पिन विचारला जातो हे खरे, पण पैसे येण्यासाठी आपला मोबाइल नंबर किंवा यूपीआय आयडी समोरच्याला सांगितला की आपले काम संपते. क्यूआर कोडचेही तसेच आहे: जो स्कॅन करतो तो पैसे देतो. गंगावेशीतला भाजीवाला आपला कोड गाड्यावर लावून ठेवतो आणि गिऱ्हाईक तो स्कॅन करते. भाजीवाल्याने गिऱ्हाइकाचा कोड स्कॅन केल्याचे कोणी पाहिलेले नाही. विकणाऱ्याला कोड पाठवणारा खरेदीदार म्हणजे पैसे देण्याऐवजी मागणारा माणूस असतो.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले तेव्हापासून त्यात ‘रक्कम मागणे’ अशी सोय होती, म्हणजे समोरचा विनंती पाठवी आणि आपण मान्यता देऊन पिन टाकला की पैसे जात. या सोयीचा इतका गैरवापर झाला की राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, दोन व्यक्तींमधील अशा मागण्या १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्या. ती बंदी व्यापाऱ्यांच्या मागण्यांना नव्हती आणि क्यूआर कोड तर कोणीही पाठवू शकतो, त्यामुळे धोका कमी झाला असला तरी संपलेला नाही.

ज्यांना हे कळते, त्यांच्यासाठी भामट्याकडे दुसरा मार्ग असतो. तो पैसे न पाठवताच पाठवल्याचा देखावा उभा करतो. पैसे यशस्वीपणे गेल्याचा स्क्रीनशॉट तयार करून देणारी नकली ॲप मिळतात. त्यांत नाव, रक्कम, वेळ, हिरवी खूण असे सारे हुबेहूब दिसते. त्यासोबत ‘तुमच्या खात्यात २०,००० रुपये जमा’ असा एसएमएसही येतो. हा संदेश कुठून आला ते वाचावे. बँकेचा संदेश दहा अंकी मोबाइल नंबरावरून येत नाही. तो अक्षरांच्या शीर्षकाने येतो आणि २०२५ पासून त्या शीर्षकाच्या शेवटी संदेशाचा प्रकार सांगणारे इंग्रजी पी, एस, टी किंवा जी यांपैकी एक अक्षर असते. तरीही खरी कसोटी संदेशाची नाहीच. आपल्या बँकेचे ॲप आपण स्वतः उघडून खातेउतारा पाहावा, आणि त्यात रक्कम दिसेपर्यंत वस्तू दाराबाहेर जाऊ देऊ नये. टेम्पो खाली उभा आहे, हमाल खोळंबले आहेत, बँकेचे नेटवर्क बंद आहे, ही कारणे कितीही खरी वाटली तरी कासरा सोडू नये.

याचेच एक पोटरूप म्हणजे ‘चुकून जास्त गेले’ हा प्रकार. दोन हजारांऐवजी वीस हजार गेले असे सांगून समोरचा माणूस काकुळतीला येतो, दवाखान्यात आई असल्याचे सांगतो आणि अठरा हजार परत मागतो. बहुतेक वेळा खात्यात काहीच आलेले नसते. पण समजा, खरोखरच अनोळखी खात्यातून जादा रक्कम आली, तरीही ती आपल्या हाताने सांगेल त्या नंबरावर परत पाठवू नये. आपल्या बँकेला लेखी कळवावे आणि रक्कम आली त्याच खात्यात परत जाईल अशी व्यवस्था करायला सांगावे. ही रक्कम तिसऱ्याच कोणा फसलेल्या माणसाची असू शकते. त्याने त्याच्या राज्यात तक्रार केली की पैशाचा माग काढत पोलीस आपल्या खात्यापर्यंत येतात आणि खाते गोठते, मग आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्यासाठी दुसऱ्या राज्यातील ठाण्याशी पत्रव्यवहार करण्याची वेळ येते.

वर्दीचा फोटो

कोल्हापूर जिल्ह्यात जवानाचे घर नाही असे गाव शोधावे लागेल. शिरोळ तालुक्यातील एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे, आणि टेंबलाई टेकडीच्या बाजूला मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ वी प्रादेशिक सेना बटालियन आहे. त्यामुळे ‘मी फौजी आहे, बदली झाली म्हणून बुलेट स्वस्तात विकतोय’ या वाक्याला इथे जे वजन आहे ते इतर ठिकाणी असेलच असे नाही. भामट्यांना हे पक्के ठाऊक असते. ते लष्कराचे ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, आधार आणि वर्दीतला फोटो असे सगळे न मागता पाठवतात. हे कागद पुष्कळदा एखाद्या खऱ्या जवानाचेच असतात. त्याचीही आधी अशीच कुठे तरी फसवणूक होऊन कागद बाहेर गेलेले असतात. म्हणून ओळखपत्राचा फोटो खरा आहे की खोटा, हे तपासत बसण्याला काही अर्थ नाही. कागद खरा असला तरी फोनवर बोलणारा तोच माणूस आहे, हे त्यातून कळत नाही.

पुढचा भाग ठरलेला असतो. गाडी ‘आर्मीच्या पार्सलने’ येणार, त्यासाठी गेटपासचे अडीच हजार. मग वाहतुकीचे, मग विम्याचे, मग जीएसटीचे, आणि प्रत्येक रक्कम ‘परत मिळणारी’ असते. फोमच्या कागदात गुंडाळलेल्या गाडीचा फोटो येतो. गाडी तावडे हॉटेलपर्यंत पोहोचल्याचा फोनही येतो, आणि आता शेवटचे तीन हजार भरले नाहीत तर ती परत जाईल असे सांगितले जाते. आधी गेलेले पैसे वाचवण्यासाठी माणूस आणखी पैसे पाठवत जातो, आणि या फसवणुकीची खरी ताकद तिथेच आहे. लष्करातील माणूस आपली खासगी दुचाकी विकतो तेव्हा त्यालाही आपल्यासारखेच आरटीओचे फॉर्म भरावे लागतात, आणि विकलेली खासगी गाडी गिऱ्हाइकाच्या दारी नेऊन देणारी लष्कराची कोणतीही सेवा नाही.

या प्रकाराची ग्रामीण आवृत्ती आपल्या दूधपट्ट्यात फिरते आहे आणि तिच्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. फेसबुकवर हरियाणातील मुऱ्हा म्हशींचा व्हिडिओ दिसतो. तुळतुळीत काळ्या, वळलेल्या शिंगांच्या, वेताला आलेल्या म्हशी, दिवसाला पंधरा-सोळा लिटर दुधाचा दावा, आणि किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी. आधी थोडा इसार, मग ट्रकभाडे, मग वाटेतील तपासणी नाक्याचे पैसे. व्हिडिओ दुसऱ्याच कोणाच्या गोठ्यातला असतो. जो शेतकरी वडगावच्या बाजारात धार काढल्याशिवाय म्हैस घेत नाही, तोच फोनवर इसार देतो, याचे मला फार वाईट वाटते. इसार हा पाहिलेल्या वस्तूवर द्यायचा असतो; न पाहिलेल्या वस्तूवर दिलेल्या पैशाला इसार म्हणता येत नाही.

‘किमतीचे बोलू नका’

फसवणुकीचा एक प्रकार असा आहे की, त्यात वस्तू खरी असते, विकणारा खरा असतो, घेणाराही खरा असतो, दोघे समोरासमोर भेटतातही, आणि तरीही पैसे तिसराच घेऊन जातो. हा समजायला थोडा अवघड आहे, म्हणून सावकाश पाहू.

समजा, कसबा बावड्यातील एका गृहस्थाने आपली कार चार लाखांना विकायची जाहिरात दिली. भामटा त्यांना फोन करून किंमत मान्य करतो आणि म्हणतो, ‘गाडी पाहायला माझा मेहुणा येईल. त्याच्याशी माझा दुसरा एक हिशेब आहे, त्यामुळे त्याच्यापुढे किमतीचा विषय काढू नका.’ त्याच वेळी तेच फोटो उचलून तो दुसऱ्या नावाने तीन लाखांची जाहिरात टाकतो. जयसिंगपूरचा एक खरेदीदार तिला फोन करतो. त्याला भामटा सांगतो, ‘गाडी माझ्या भावाकडे आहे, तो दाखवेल; तो घरगुती वादामुळे नाराज आहे, त्याच्याशी पैशाचे काही बोलू नका, ते माझ्याशी बोला.’ खरेदीदार बावड्यात येतो, गाडी चालवून पाहतो, आरसी पुस्तक पाहतो, सगळे खरे असते. बाहेर येऊन तो भामट्याने दिलेल्या खात्यात तीन लाख भरतो आणि किल्ली मागायला परत आत जातो. त्या क्षणापर्यंत दोघांनाही वाटत असते की समोरचा माणूस त्या फोनवरच्या माणसाचा नातलग आहे. त्यानंतर जे भांडण होते ते दोन निर्दोष माणसांमध्ये होते, आणि त्यात पोलिसांकडे पहिले नाव गाडीमालकाचे जाते.

इथे वस्तू आणि माणूस एकत्र आहेत, फक्त पैसा वेगळ्या दिशेला वळवला आहे, आणि हे साधले ते केवळ दोघांना गप्प ठेवून. रुमालाखालच्या सौद्यात आकडा तिऱ्हाइतापासून लपवला जाई. इथे तिऱ्हाईत तो आकडा घेणाऱ्या-विकणाऱ्यापासून लपवतो. म्हणून गाडी पाहायला आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगावे: मालक मी आहे, किंमत एवढी आहे, पैसे माझ्याच खात्यात यायला हवेत. खरेदीदाराने ज्याच्या नावावर आरसी आहे त्याच्याच खात्यात पैसे भरावेत, आणि भरण्यापूर्वी त्याच्यासमोर किंमत मोठ्याने उच्चारावी. किमतीबद्दल बोलू नका अशी अट घालणारा मध्यस्थ दिसला की तो व्यवहार तिथेच थांबवावा.

गाडी घेताना आणि विकताना

वाहनाच्या व्यवहारात भामटा नसतानाही माणूस अडचणीत येतो, म्हणून याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार, एकाच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० आहेत. आपल्याकडे सह्या केलेले फॉर्म आणि किल्ली देऊन ‘नाव तुम्ही करून घ्या’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती विकणाऱ्याच्या अंगलट येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो, मग गाडी प्रत्यक्षात किती हातांतून गेलेली असो. गाडी दिली त्या दिवसाची तारीख आणि वेळ घालून, दोघांच्या सह्यांची ताबापावती करावी, आणि नाव बदलल्याचे ऑनलाइन पाहेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

घेणाऱ्याने एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून कर्जाचा बोजा, विमा आणि फिटनेस यांच्या नोंदी पाहाव्यात, आणि थकलेली ई-चलने वेगळी तपासावीत. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. सीमेलगत असल्यामुळे आपल्याकडे बेळगाव-चिक्कोडी पासिंगच्या गाड्या स्वस्तात दिसतात. त्यांच्या बाबतीत तिकडच्या आरटीओचे नाहरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आणि इथे भरावा लागणारा रस्ता कर यांचा हिशेब आधी मांडावा, कारण परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी करावी लागते.

आणि कोल्हापुरात पुराचे पाणी विसरून चालत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि धुऊन-पुसून त्यांतल्या काही पुन्हा बाजारात आल्या. अशी गाडी ओळखण्याची एक साधी खूण एका जुन्या मेकॅनिकने मला दाखवली होती. त्याने सीटबेल्ट सगळा शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा हातभर पट्टा स्वच्छ होता आणि गुंडाळीतून बाहेर आलेल्या आतल्या भागावर पंचगंगेच्या गाळाची पिवळसर रेघ तशीच होती. मग त्याने सीट पुढे सरकवून खालचे रुळ आणि बोल्ट दाखवले, तिथे गंज धरलेला होता, आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेली माती होती. काचा लावून गाडी दहा मिनिटे उन्हात ठेवली की कुबट वासही येतो. विक्रेत्याने सीटबेल्ट ओढू दिला नाही, तर पुढे बोलण्याची गरज राहत नाही. पूरवर्षी विमा दावा झाला होता का, हेही विमा कंपनीकडे विचारून घ्यावे.

रोखीने व्यवहार करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. मोठी रक्कम असेल तर दोघांनी मिळून बँकेच्या शाखेतच जावे. तिथे कॅमेरे असतात, माणसे असतात आणि पैसे पोहोचल्याची खात्री जागेवर होते.

मोबाइल, लॅपटॉप आणि जुनी नाणी

जुना मोबाइल घेताना चोरीचा माल गळ्यात पडण्याची भीती सर्वांत जास्त. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि चाळीस हजारांचा फोन बिलाविना आठ हजारांना मिळतो तेव्हा ‘मला काही कल्पना नव्हती’ हे पटवून देणे सोपे नसते. फोन हातात घेऊन स्टार, हॅश, ०६, हॅश असे डायल केले की पडद्यावर १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. केवायएम ही अक्षरे, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की त्या क्रमांकाची स्थिती कळते. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावरही हे पाहता येते. उत्तरात तो काळ्या यादीत असल्याचे किंवा एकाहून अधिक ठिकाणी वापरात असल्याचे आले, तर तो फोन घेऊ नये. बिलावरचा आणि खोक्यावरचा आयएमईआय पडद्यावरच्या क्रमांकाशी जुळवावा, आणि विकणाऱ्याने आपले गूगल किंवा ॲपलचे खाते आपल्यासमोर काढून फोन रीसेट केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खाते तसेच राहिले तर रीसेटनंतर फोन जुन्या मालकाचाच पासवर्ड मागत राहतो. विकणाऱ्याच्याही हिताचे हेच आहे, कारण त्याचे फोटो आणि बँकेची ॲप त्याच फोनमध्ये असतात.

विद्यापीठ परिसरातील विद्यार्थी लॅपटॉप घेतात तेव्हा खोक्यात निराळीच वस्तू निघण्याचे प्रकार होतात. पैसे देण्याआधी लॅपटॉप चार्जर काढून पंधरा मिनिटे चालवावा, आणि पैसे दिल्यावर तो पुन्हा आत नेऊन ‘पॅक करून आणतो’ असे म्हणू देऊ नये.

जुन्या नाणी-नोटांचा प्रकार मात्र ज्येष्ठांना लक्ष्य करतो. ट्रॅक्टरचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतात, अशी जाहिरात येते. फोन केला की रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचे पत्र येते आणि कमिशन, कर, नोंदणी अशा नावांनी पैसे मागितले जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की ती अशा व्यवहारांत नसते, त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही आणि कोणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत. घरातील आजोबांच्या डब्यात अशा नोटा असतील तर त्यांच्याशी हे आजच बोलावे.

काही मागण्या अशा आहेत की त्यांचा खरेदी-विक्रीशी संबंधच नसतो: फोनवर आलेला ओटीपी सांगा, ही एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाइल टाका, स्क्रीन शेअर करणारे ॲप घ्या, कुरिअरवाल्यासाठी स्टार-२१ असा कोड डायल करा. शेवटच्या मागणीने आपले फोन दुसऱ्याच्या नंबरावर वळवले जातात. चुकून डायल केलेच असेल तर हॅश-हॅश-००२-हॅश डायल करून ते रद्द करावे. यांतील एकही मागणी आली की फोन ठेवावा, उत्तर देण्याचीही गरज नाही.

पैसे गेलेच तर

आत्याने त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरात कोणालाही सांगितले नाही. रात्री जेवताना तिचा चेहरा पाहून विचारले तेव्हा ती रडली, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार केली. तोपर्यंत पैसे तीन खात्यांतून पुढे गेले होते आणि ते परत मिळाले नाहीत. तिला पैशापेक्षा लाज जास्त वाटत होती, आणि नेमक्या त्या लाजेने हातचे तास घालवले.

१९३० हा राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक आहे आणि वेळ महत्त्वाची आहे ती यासाठी: तक्रार नोंदली की ती पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेपर्यंत पोहोचवली जाते, आणि रक्कम अजून तिथल्या खात्यात असेल तर ती रोखून धरता येते. भामटे तासाभरात पैसे पुढे सरकवतात किंवा एटीएममधून काढतात. फोन करताना आपला खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक जवळ ठेवावा. तो ॲपमधील व्यवहाराच्या तपशिलात असतो. हीच तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर करता येते. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचे तत्त्व असे आहे की, ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने झालेले नुकसान तो बँकेला कळवेपर्यंत त्याचे असते, आणि कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे असते. आत्यासारखा स्वतः पिन टाकला असेल तर बँकेकडून भरपाई मिळणे म्हणूनच कठीण असते, पण पुढचे नुकसान तरी थांबते.

चॅट, कॉलची नोंद, जाहिरात आणि क्यूआर कोड यांतले काहीही पुसू नये. रागाने नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत, जाहिरातीची तक्रार त्या साइटवरही करावी, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जावे. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवून घेता येतो; ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख नम्रपणे पण ठामपणे करावा.

तक्रारीनंतर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. आत्यालाही आला होता. बोलणारा स्वतःला सायबर विभागाचा अधिकारी म्हणवत होता, त्याला गेलेली रक्कम आणि तारीख दोन्ही ठाऊक होते, आणि पैसे सापडले असून ते सोडवण्यासाठी १,२०० रुपयांची प्रक्रिया फी भरावी लागेल असे तो सांगत होता. ही माहिती त्याच टोळीकडे असते, किंवा त्यांनी ती दुसऱ्याला विकलेली असते. पोलीस, बँक किंवा न्यायालय गोठवलेली रक्कम परत करण्यासाठी फोनवर फी मागत नाही. आत्याने त्याला ठाण्याचे नाव विचारले, त्याने फोन ठेवला, आणि तो नंबरही तिने आधीच्या तक्रारीत जोडायला दिला.